घर ओढण्याआधी

सोमवारी विद्यापीठ सुरू होतं.
आज शुक्रवार. चुलीत ओलं लाकूड धुमसतंय
आणि मला टेबल रिकामं करायचंय.

टेबलावर काय होतं ते सांगते.
बियाण्याला काढून ठेवलेले बटाटे, नऊ जातींचे,
एलिसेओच्या जाळ्याचा गुंता,
विजेचं बिल,
आणि एक मोजा, ज्याचा जोडीदार
गेल्या हिवाळ्यापासून परागंदा आहे.
बटाटे गेले पलंगाखाली.
सासूबाई एका शब्दाने बोलल्या नाहीत,
फक्त अर्ध्या-अर्ध्या तासाने वाकून बघतात.

एकोणीस वर्षं मी कारखान्यात सॅल्मनचं पोट चिरते.
अर्जात 'पूर्वानुभव' असा रकाना होता.
मी लिहिलं: सुरी.
पुसलं.
मग बराच वेळ तिथे ती उभी रेघ
लुकलुकत राहिली, वाट बघत.
पुन्हा लिहिलं: सुरी.

वेळापत्रक फ्रिजच्या दारावर आहे.
रात्री अकरा ते सकाळी सात, पाळी.
दुपारी तीन ते पाच, जलचरांचं जीवशास्त्र.
मधल्या रकान्यात झोप मावेना,
तेव्हा अक्षर बारीक केलं.

भाची पुएर्तो मोंतहून फोनवर बजावते,
"आत्या, रेकॉर्डिंग नंतर बघेन म्हणू नकोस.
ते नंतर कधी उजाडत नाही.
आणि अडलं तर पहिल्याच आठवड्यात विचार,
बुडायला लागल्यावर हात वर केलास
तर लोकांना वाटतं, टाटा करतेय."
यास्ना चोवीस वर्षांची आहे.
हे तिला कुणी शिकवलं, मी विचारलं नाही.

सिग्नल खिडकीपाशी दोन रेघा,
कोंबड्यांच्या खुराड्यावर तीन.
"म्हणजे परीक्षा खुराड्यावर बसून द्यायची,"
मी एलिसेओला म्हटलं.
तो हसला नाही.
शिडी शोधायला गेला.

आमच्या चिलोए बेटावर घरं हलवतात.
भिंतींसकट, छपरासकट, ओंडक्यांवर चढवून
बैलांच्या जोड्या जुंपतात, अख्खा गाव दोराला लागतो.
डोन्या एदुविहेसचं घर तर मी
भरतीच्या पाण्यावर तरंगत जाताना पाहिलंय,
सात वर्षांची होते, वडिलांच्या खांद्यावर.
सगळ्यांच्या लक्षात राहतात ते बैल.
पण बैल येतात शेवटच्या दिवशी.
त्याआधी काचा उतरवायच्या,
चूल बाहेर काढायची, दारं बिजागऱ्यांतून सोडवायची,
आणि आतून तिरके वासे ठोकायचे,
म्हणजे ओढताना घर मुरगळत नाही.
वडील ते वासे ठोकायचे.
एकाही फोटोत ते नाहीत.

म्हणून मी ठोकतेय.
पासवर्ड वहीत, वही पिठाच्या डब्यामागे.
कानांत घालायचे ते यंत्र उसनं, शेजारच्या पोराचं.
प्राध्यापिकाबाईंना सरावासाठी एक पत्र लिहिलं,
चारदा लिहिलं,
'मला समजलं नाही' हे वाक्य
सभ्य कसं करायचं ते काही जमेना.
शेवटी तसंच ठेवलं.

काल पहिला धडा उघडून पाहिला, चोरून,
जणू कुणाचं कपाट उघडतेय.
माशाचा आडवा छेद. बाणच बाण.
यकृत, प्लीहा, हवेची पिशवी.
माझा उजवा हात टेबलावर आपोआप वळला,
अंगठा आत, मनगट खाली,
प्रत्येक बाणाच्या टोकाशी तो
हजारो वेळा जाऊन आलाय.
नाव तेवढं विचारायचं राहिलं होतं.
मग चित्र अडकलं, गोल गोल फिरत राहिलं,
आणि पाळीची वेळ झाली.

सोमवारसाठी एलिसेओने कोरडं लाकूड वेगळं रचलंय.
त्याला कुणीही हात लावायचा नाही, असं
सासूबाईंनी कोंबड्यांनाही सांगितलंय.
शिडी अजून सापडलेली नाही.