सहावं घर

एल्को, नेवाडा. मार्च संपत आलेला,
रस्त्याकडेला अजून मळका बर्फ.
ग्रासियाना इंचौस्पेने काउंटरवर पिठाची पिशवी ठेवली.
पिशवीत टॉवेल, टॉवेलात बापाचं रिव्हॉल्व्हर.

"काहीतरी अडतंय, व्हर्ल," म्हणाली,
"किंवा मलाच तसं वाटतंय."

आधी रिकामं आहे ना ते बघायचं.
मग पुन्हा बघायचं,
तिने सांगितलं असलं तरी,
मी स्वतः आत्ताच पाहिलं असलं तरी.
दुसरा कुठला धर्म मी धड पाळला नाही.

माझा डावा कान गेलाय,
म्हणून मी अंगठ्याने ऐकतो.
घोडा हळू, अगदी हळू मागे ओढायचा,
दुसऱ्या हाताचं बोट चक्रावर नुसतं टेकवून,
झोपलेल्या पोराचा ताप बघावा तसं.
पहिलं घर: खट्. खिट्टी खाचेत.
दुसरं. तिसरं.
चौथं, पाचवं, खट्.
सहावं
आलं, आलं,
आणि केसभर अलीकडे थांबलं.
घोडा पुरता चढलेला,
चक्र उंबऱ्याबाहेरच.

जोरात ओढलं तर वेगाच्या भरात ते बसतं.
हळू ओढलं की उघडं पडतं.
माझ्या पहिल्या लग्नाचंही असंच होतं.

"आणि तशीच गोळी सुटली तर?"
घराचं तोंड नळीच्या तोंडाशी जुळलं नाही, मी म्हटलं,
तर गोळीची एक कड तासली जाते,
शिसं बाजूला उडतं,
शेजारी उभ्या असलेल्याच्या अंगावर.
ती शेजारीच उभी राहायची, म्हणाली.
सात वर्षांची. कोयोटी बघायला.

मी भिंग लावलं.
सहाव्या घराच्या काठावर लाल ठिपका,
अर्धा उडालेला. गंज नव्हे.
तिने वाकून पाहिलं
आणि बराच वेळ सरळच झाली नाही.
"आईचं नेलपॉलिश."

बाप पाचच गोळ्या भरायचा.
जुनी माणसं सगळीच पाच भरतात,
घोड्याखालचं घर रिकामं ठेवतात,
हातातून पडलं-बिडलं तर नको म्हणून.
तिनेही तेवढंच समजून घेतलं होतं.
पण त्याचं रिकामं घर
दर वेळी तेच. ठिपक्याचं.

मेंढ्यांमागे सहा-सहा महिने रूबी पर्वतात एकटा.
दुरुस्तीला पैसे नसतील,
किंवा खाली उतरायला सवड,
किंवा कुणाला सांगायचंच नसेल.
दोष त्याला पाठ होता.
आईलाही असणार, बाटली तिची.

"मग राहू द्यावं का तसंच?"
ठिपका तुला वाचता येतो, मी म्हटलं.
पेयोला?
पेयो तिचा भाचा, रीनोत असतो,
ईस्टरला येणार,
याच्यासाठीच येणार.
ती पिशवीची कड दुमडत राहिली.

चक्राला पुढे ढकलणाऱ्या तुकड्याला
आमच्या धंद्यात हातच म्हणतात.
घोडा मागे जातो, हात वर येतो,
एक घर सरकवतो.
याचा हात टोकाला झिजलाय,
सहाव्या दात्याचीही थोडी झीज,
दोघं मिळून एका घराला पोचत नाहीत.

नवा हात मुद्दाम लांब येतो.
कानशीने घासायचा, बसवायचा, बघायचा,
काढायचा, पुन्हा घासायचा.
एक फटका जास्त, की गेला.
त्या दिवशी मी जेवायचंच विसरलो.

गुरुवारी ती आली.
परत देताना मी पुन्हा पाहिलं: रिकामं.
मग तिने स्वतः ओढलं, हळू,
सहाव्याला तिचा श्वास थांबलेला
मला उजव्या कानाने कळला.
खट्.

जुना हात मी पाकिटात घालून दिला.
तिने पाकीट हलवलं. वाजलं.
"ठिपका पुसू?"
"नको," म्हणाली.
दारातून परत आली. "पुसा."
मी बाटलीचं झाकण उघडेपर्यंत
"नाही, राहू दे," म्हणून गेलीसुद्धा.

काउंटरवर चिमूटभर पीठ राहिलं होतं.
मी ते बोटाने गोळा केलं
आणि कुठे टाकावं ते कळेना.