शार्पनेस शून्य

लिफ्टच्या डबीत वीस तेत्रीचं नाणं टाकलं
तरच ती हलते.
खोका आडवा करू नका, असं खोक्यावर छापलंय,
आणि उभा तो लिफ्टमध्ये मावत नाही.
म्हणून आठवा मजला, जिन्यानं.

त्रेचाळीस इंच, सहाशे चाळीस लारी,
आमच्या दुकानातला सगळ्यात स्वस्त.
मी नुसता पोचवणारा. जुळवून देणं माझ्या पगारात नाही.
पण ओतियांनी पाण्याचा पेला पुढे केला,
म्हणाले, बस, दम घे.

कुताईसीच्या रेल्वे क्लबात एकतीस वर्षं
यांनी सिनेमाचं यंत्र चालवलं.
आता तिथे टायरचं गोदाम आहे.

टीव्ही लावला, तर भडक.
गवत इतकं हिरवं की बकरीनंही आधी हुंगून पाहावं.
बातम्या देणाऱ्या बाईला ताप चढलेला.
शेजारच्या त्सिआला दारातूनच ओरडल्या,
वा! पैसे वसूल!

ओतियांनी चष्मा कपाळावर सरकवला,
रिमोट धरला, जसा डॉक्टर मनगट धरतो.
दुकानात, म्हणाले, चाळीस टीव्ही एकमेकांवर ओरडतात,
ज्याचा घसा मोठा तो खपतो.
इथे हा एकटाच आहे.
याला सांगू, हळू बोल.

मग मेनूच्या आत मेनू, त्याच्या आत मेनू.
भडक मोड बंद. वीजबचतही बंद,
ती चित्राला मधूनच डुलकी आणत होती.
माणसं पडद्यावर घसरत होती,
तळव्यांना लोणी लावल्यासारखी.
तेही एका बटणाखाली सापडलं.
दोन चित्रांच्या मध्ये, ते म्हणाले, अंधाराची एक चीर असते.
ती मी एकतीस वर्षं सांभाळली,
आणि हा शहाणा ती बुजवायला निघालाय.

शार्पनेस पन्नासवर होता. शून्यावर आणला.
अहो, धूसर होईल, मी म्हणालो.
झालं उलटंच.
कडांवरची पांढरी रेघ गेली,
आणि झाड झाडासारखं दिसायला लागलं.

रंगासाठी मला पडद्याशेजारी उभं केलं.
आठ मजले चढून आलेला माझा गाल
आणि त्या बाईचा गाल
आळीपाळीनं पाहत राहिले.
तू जरा थांब, म्हणाले, अजून लाल आहेस.
मी थांबलो. मला वाटतं
इतका वेळ माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.

काळा मात्र जमेना.
तो राखाडीच राहिला, ओल्या पाटीसारखा.
सहाशे चाळीस लारीत रात्र येत नाही,
असं म्हणून त्यांनी टीव्हीच्या मागे
एक छोटा दिवा ठेवला, भिंतीकडे तोंड करून.
राखाडी खोल गेला.
डोळ्याला फसवावं लागत नाही, तो तयारच असतो.

स्मार्टपणाचं राहिलंच.
रिमोटवरचं माइकचं बटण दाबून ओतियांनी
स्वच्छ जॉर्जियन भाषेत एका जुन्या सिनेमाचं नाव घेतलं.
टीव्हीनं विचार केला, गोल गोल फिरला,
आणि कोंबडीच्या बारा पाककृती मांडल्या.
पुन्हा घेतलं, सावकाश, बहिऱ्याशी बोलावं तसं.
आता वॉशिंग मशीन.
त्सिआला हसून हसून उंबऱ्यावरच बसल्या.
असू दे, ओतिया म्हणाले,
आमच्या क्लबाच्या मॅनेजरलाही कळायचं नाही.
आणि पेनड्राइव्ह खोचला.

निघताना त्सिआलांनी मला आत ओढलं.
माझाही कर तसा.
मी केला. भडकपणा उतरवला, शार्पनेस शून्य,
दिवासुद्धा मागे ठेवला.
त्या बराच वेळ बघत राहिल्या.
छान आहे, म्हणाल्या. खरंच छान आहे.
आता होता तसा कर.
मी सगळ्या रंगांचे पैसे भरलेत.

केला, होता तसा.
खिशात नाणं नव्हतं, चालत उतरलो.
प्रत्येक मजल्यावर दाराखालून
निळा उजेड येत होता, मोठ्या घशाचा.
फक्त आठव्यावर, मागे वळून पाहिलं तेव्हा,
एका दाराखाली काहीच नव्हतं.
म्हणजे असणार, पण हळू.