तेर्ना, आवृत्ती तीन

मासळीच्या कारखान्यात एकोणीस वर्षं उभी राहिले.
आधी गुडघ्यांनी राजीनामा दिला,
मग मी.
फेरीबोटीच्या कचेरीत खुर्ची मिळाली, खिडकीशी,
आणि खुर्चीबरोबर हा प्रोग्राम:
बोट सुटायला किती वेळ उरला ते दाखवणारा,
हेर्गेरनं तेर्ना नावाच्या फ्रेमवर्कमध्ये लिहिलेला.
सबंध क्लाक्सविकमध्ये तेर्ना एकट्या हेर्गेरला येत होतं.
डिसेंबरात त्यानं पडदा टांगला, जानेवारीत नोकरी सोडली.
आता समोरच्या बेटावर मेंढ्या पाळतो. फोन उचलत नाही.
पदरी पडलं, पवित्र झालं.

अडचण एवढीशीच.
मार्चच्या शेवटच्या रविवारी सगळी घड्याळं तासभर पुढे गेली,
आमचा पडदा मागेच राहिला.
पाच मिनिटं उरलेली असताना तो पासष्ट दाखवतो.
लोक कॉफी प्यायला जातात आणि बोट जाते.
एकदा पाद्र्याचीच चुकली,
पलीकडे चर्चमध्ये माणसं तासभर नुसती गात बसली.

पुस्तिका उघडली. पहिलीच ओळ:
तेर्ना शिकायला एक दुपार पुरते.
कुठली दुपार, कुठल्या अक्षांशावरची, ते लिहिलेलं नाही.
दुसऱ्या धड्यात जिला गाठ म्हणतात
तिला चौथ्यात दोरा म्हणतात,
आणि सहाव्याच्या जागी फक्त: लवकरच येत आहे.
तारीख बघितली.
तेव्हा माझे गुडघे धड होते.

जसंच्या तसं टाइप केलं, कंसाला कंस, टिंबाला टिंब.
लाल अक्षरांत उत्तर आलं:
जे नाही, त्याचा गुणधर्म वाचता येत नाही.
पाद्र्याला हे रविवारी चाललं असतं.

तीच ओळ जगभर शोधली. तीन जागी सापडली.
एक पोर्तुगीजमध्ये.
एकीखाली सहा वर्षांपूर्वीचं, "सुटलं! आभारी आहे",
कसं सुटलं ते नाही.
तिसरी मीच विचारलेली, गेल्या मंगळवारी.
आडातच नाही.

रोई कोपनहेगनहून म्हणतो, आई,
सगळे वापरतात ते शीक ना,
एक विचारलं की हजार उत्तरं.
मी म्हटलं, आणि तू माझ्याशी बोलतोयस ती भाषा
किती जण वापरतात?
तो हसला. मग डॅनिशमध्ये म्हणाला, ते वेगळं.

बुधवारी मीच बोटीत बसले.
हेर्गेर कुंपण ठोकत होता, ओठांत खिळे धरून.
त्याचाच कोड छापून नेला होता, त्याच्यापुढे धरला.
दुसरं पान वाऱ्यानं समुद्राला दिलं.
पहिलं तो वाचत राहिला,
चुकून आलेलं शेजाऱ्याचं पत्र वाचावं तसं.
हे मी लिहिलं?
ही बघ तुझी ओळ: इथे हात लावू नये.
मग लावू नकोस.
पण का, हेर्गेर?
त्यानं खिळे हातात घेतले. कान लाल झाले त्याचे.
आठवत नाही गं.
आणि मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.
तीन आठवडे मी समजत होते
की या फ्योर्डात अडाणी एवढी एकटीच.

निघताना तो मागून ओरडला,
तेव्हा हिवाळा होता, बाइन्ता, एवढं नक्की!

बोटीत, निम्म्या पाण्यात आल्यावर, उजेड पडला.
हिवाळ्यात आमचं घड्याळ आणि जगाचं घड्याळ एकच.
फरक शून्य.
त्यानं शून्य लिहिलं, ते चाललं,
आणि चालतंय त्याला कोण हात लावतं.

शून्य खोडलं. ऋतू बघून फरक ठरवणारी ओळ लिहायला
चार रात्री गेल्या, बाविसाव्या खेपेला ती बसली.
त्याच्या ताकिदीखाली माझी नोंद केली:
हात लावला. बाइन्ता, एप्रिल.

आता मिनिटं बरोबर पडतात.
पलीकडच्या गावाच्या नावाजागी मात्र तीन चौकोन दिसतात,
का ते मला माहीत नाही.
चौकोनांकडे जाणारी बोट पाच मिनिटांत सुटेल.
लोक कप खाली ठेवतात, उठतात,
बरोबर बोटीत चढतात.