दोनशे एकाहत्तर

दिवाळे गावात, जेट्टीच्या अलीकडे,
पद्माकर कोळ्यांनी ओट्यावरचा प्लग दाखवला:
"लावा की तुमची घरगाडी. लाइट आपलीच हाय."

मी आधी मीटर लावला.
पाहुण्यानं पाणी पिण्याआधी हुंगावं, तसा,
ओशाळत.

दोनशे एकाहत्तर.
मग एकशे नव्वद. पुन्हा वर.
वायर हातातच राहिली.
गाडीत इन्व्हर्टर, बोटभर फ्रिज,
फ्रिजमध्ये रेवतीचं इन्सुलिन.

"न्यूट्रल सैल आहे," मी म्हटलं.
ते गप्प.
आतून त्यांची बायको आली, पदराला हात पुसत:
"म्हंजे ते दोन पंखे, पोराचा टीव्ही…
आपून उगाच दुकानवाल्याला शिव्या घातल्या?"

रात्रभर गाडी अंधारात.
टॉवेलात गुंडाळलेली बाटली
त्यांच्या बर्फाच्या पेटीत,
पापलेटांपासून चार बोटं दूर.