चार पावलं

रात्री सव्वादोन, मेडिकलची कॅज्युअल्टी.
पंचफुलाबाई आल्या कळमन्याहून,
लुगड्यात मिरच्यांच्या पोत्यांचा ठसका.
आधी वॉर्डबॉय शिंकला, मग मी.

घोट्यावर वांग्याएवढी सूज,
रंगही वांग्याचाच.
बाहेरचं हाड मागच्या कडेनं दाबलं:
"इथं दुखतं?"
"दाबल्यावर कोनाचं नाई दुखत जी?"

"बरं, चार पावलं चालून दाखवा.
जमलं तर कदाचित फोटो नको."

त्यांनी स्टूल सोडलं. एक.
दोनला पदर दातांत धरला.
तीन. चार.
पाच, सहा, पार दारापर्यंत.
चौकट धरून म्हणाल्या,
"पट्टी घट्ट बांधा, डॉक्टर.
पाचले गाडी लागते खाली करायले."

पुस्तकात होतं, चार पावलं मोजा.
दात मोजायचे, असं नव्हतं.

मी फोटोचा कागद ओढला.
'कारण' या रकान्यात लिहिलं:
चालल्या म्हणून.