एकी

टेबल तीन. नाव विचारायचं नाही.
हा नियम दरवर्षी मीच वाचून दाखवते,
हिंदीत, कारण मुलं झाबुआची, खरगोनची, देवासची,
आणि माझं मराठी या हॉलच्या दाराशी
चपलांसोबत थांबतं.

पायाच्या अंगठ्याला पत्र्याचा बिल्ला. सतरा.
ती टाच मला ओळखू येते.
मी काही बोलत नाही.

पुस्तकात छापलंय वृक्क.
एम. वाय.च्या ओपीडीत पेशंट म्हणतो गुर्दा,
कमरेवर हात ठेवून, जणू उसना आणलाय.
आमच्या रामबागेत मूत्रपिंड म्हणत,
तेही कुणी अंथरुणाला खिळलं तरच.
एरवी त्या सगळ्या मुलखाला एकच शब्द,
तोही तोंडानं उच्चारायचा नाही:
करंगळी वर. एकी.

चौथीचा वर्ग. फळ्यावर त्रिकोण.
बाई, एकीला जाऊ?
"आत्ताच सुट्टी झाली ना?" बाई वळल्याही नाहीत.
मग माझ्या बाकाखालून एक ओघळ निघाला,
फरशीच्या सांध्यांतून वाट काढत
कुणाला न विचारता दाराकडे.
बाईंनी पाहिला तो.
आणि कोपऱ्यातल्या पिण्याच्या माठाला
त्यांचा पाय लागला.
वर्गभर पाणी, खापऱ्या, आरडाओरडा.
"मेलं धांदरट पाऊल!" त्या स्वतःलाच म्हणाल्या
आणि सगळ्यांना बाकांवर चढवलं, मलासुद्धा.
दुसऱ्या दिवशी टाचेला पट्टी होती. तीन टाके.

"मैम, बाईं तरफ का मिल ही नहीं रहा."
गजेंद्र मुजाल्दे, कोपरापर्यंत हात आत.
मी चरबी बाजूला करते. अधिवृक्क ग्रंथी आहे,
पण चपटी, आडवी,
डोकंच नसलेल्या टोपीसारखी पडलेली.
खाली काही नाही. धमनी नाही, गवीनी नाही,
कातडीवर शस्त्राची खूणही नाही.
म्हणजे दिलेलं नाही, कुणी नेलेलं नाही.
जन्मापासून एकच.
उजवं ट्रेमध्ये ठेवलं: दोनशे दहा ग्रॅम.
मुलगी लिहिते, सूज.
सूज नव्हे गं, वाढ. भरपाईची वाढ.
दुसऱ्याचं काम अंगावर पडलं की होते. खोड.

ही गवीनी. परकराच्या नाडीएवढी.
जिवंतपणी चिमटा लागला की सरपटते,
म्हणून सर्जन तिला ओळखतो.
इथे ती गर्भाशयाच्या धमनीखालून जाते.
धमनी बांधताना हिलाच बांधाल, तर गेलात.
लक्षात ठेवा: पुलाखालून पाणी.
"मैम, कृष्णपुरा के पुल के नीचे पानी कहाँ है?"
सगळे हसतात. मीही.
आमच्याकडे या चार शब्दांत
किती वर्षं मावतात, ते परीक्षेला नाही.

मूत्राशय. जुने वैद्य म्हणत बस्ति.
पुन्हा खसखस: बस्ती तर मालवा मिलच्या मागे.
उघडा.
आतून सगळीकडे सुरकुत्या,
एक त्रिकोण तेवढा गुळगुळीत.
वरच्या दोन कोपऱ्यांत दोन गवीन्या येतात,
खालच्या कोपऱ्यातून बाहेरची वाट.
इथे डावा कोपरा तयारच झाला नाही.
मी वाकून बराच वेळ पाहते.
फळ्यावर तर तुम्ही तो नेहमी
पट्टी न लावता पुरा काढायचात.

तिसरा तास. मागून एक बारीक आवाज:
"मैम, वॉशरूम?"
अभी तो ब्रेक... जीभ तिथेच अडते.
जा, म्हणते. जा ना. विचारतेस काय.

मग रजिस्टर ओढून
सतराच्या ओळीत लिहिते:
वाम वृक्क, अनुपस्थित.
हजेरी घेताना त्या चष्म्यावरून बघायच्या,
तशी क्षणभर बघत राहते,
कुणी "हजर बाई" म्हणतंय का.