अकरा महिन्यांचा करार

सहा महिने बिनपगारी गेलो मी
खडकीहून सायकलवर, पावणेसहाला,
गोलमागचे चेंडू आणून द्यायला.
डिमेलो सर काही बोलले नाहीत.
एकदा फक्त म्हणाले, जाळं शिवता येतं का?

काल हेडक्लार्कने कागद दिला:
सहायक प्रशिक्षक, मानधन नऊ हजार, अकरा महिने.
खाली बारीक अक्षरांत,
स्टोअररूमची किल्ली हरवल्यास भरपाई.
आई म्हणाली, म्हणजे कायम नाही ना.
म्हटलं, गुडघा तरी कुठे कायम होता.

शिट्टी सरांकडे. माझ्याकडे पंप,
फक्कीचं घमेलं,
आणि थुंकी लावल्याशिवाय आत न जाणारी सुई.

आज यादी वाचायला मला लावली.
अठरा नावं.
एकोणिसावा सोनवलकर
बुटाची नाडी सोडत बसला, फार वेळ.
अशा वेळी जवळ जाऊन काय बोलायचं
ते करारात नाही.

अंधार पडल्यावर चेंडू मोजले. तेरा.
रजिस्टरात चौदा.
भिंतीपलीकडे मुठेच्या पात्रात उतरलो, मोबाईलच्या उजेडात,
तर सोनवलकर आधीच तिथे,
गुडघ्यापर्यंत चिखल, काखेत चेंडू.
"सर, उद्या किती वाजता येऊ?"

पावणेसहा, म्हटलं.